दोन टिंबांचा दोष आणि आपली जबाबदारी

एखादा दोष आढळला, त्याचे कारण उलगडले, त्यावरील उपाय पाठ्यपुस्तकांत नमूद झाला, आणि तरीही दोन तपांहून अधिक काळ तोच दोष नव्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा प्रकट होत राहिला, तर त्याला दैवगती म्हणून सोडून द्यावे की कर्तव्यच्युती म्हणून त्याचा जाब विचारावा, हा प्रश्न आता केवळ तज्ज्ञांच्या चर्चेपुरता राहिलेला नाही. दिनांक २ मे २०२४ रोजी अमेरिकेतील सीसा ही सरकारी सायबरसुरक्षा संस्था आणि एफबीआय यांनी सॉफ्टवेअर-निर्मात्यांना उद्देशून एक संयुक्त सूचनापत्र प्रसृत केले. ज्या दोषांचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याची खातरजमा झाली आहे, अशा दोषांची नोंदवही सीसाकडे असते. तीत ‘पाथ ट्रॅव्हर्सल’ या एकाच जातीचे ५५ दोष तेव्हा नोंदलेले होते, आणि या प्रकारच्या दोषांना निदान २००७ पासून ‘अक्षम्य’ म्हटले जात आहे, याचे स्मरण त्या पत्राने करून दिले. पत्र अमेरिकेचे असले तरी त्यातील विषयाला सरहद्द नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा दोष निघाला त्यातील पुष्कळसे आपल्या कचेऱ्यांत, बँकांत, महाविद्यालयांत आणि घरोघरीच्या संगणकांत रोज वापरले जाते. आणि आपले दाखले, गुणपत्रके, वैद्यकीय अहवाल व ओळखपत्रांच्या प्रती ज्या यंत्रांच्या हवाली आपण करतो, त्या यंत्रांचा बंदोबस्त कसा आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

हा दोष समजून घेण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. संगणकातील प्रत्येक फाईल कोणत्या तरी फोल्डरात असते, तो फोल्डर दुसऱ्या फोल्डरात असतो, आणि अशा रीतीने सर्व फोल्डर अखेर एका मूळ फोल्डरापाशी येऊन मिळतात. त्या मुळापासून फाईलीपर्यंतची नावे तिरक्या रेघांनी जोडून लिहिली म्हणजे जो पत्ता तयार होतो, त्याला ‘पाथ’ म्हणतात. १९७० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी उभारलेल्या युनिक्स कार्यप्रणालीत या पत्त्यातील एका टिंबाचा अर्थ ‘आहे तोच फोल्डर’ आणि लागोपाठच्या दोन टिंबांचा अर्थ ‘एक पायरी वरचा फोल्डर’ असा ठरला, आणि पुढे बहुतेक सर्व प्रणालींनी हा सोयीचा संकेत स्वीकारला. मूळ फोल्डराच्या वर काहीच नसल्यामुळे तेथे ‘आणखी वर जा’ अशी आज्ञा दिली तरी युनिक्स ती चूक मानीत नाही, मुळाशीच थांबते. म्हणून दुष्ट हेतूने येणाऱ्याला आपण किती पायऱ्या खोल आहोत हे ठाऊक असण्याचीही गरज पडत नाही. दहा-बारा वेळा दोन टिंबे लिहिली की तो खात्रीने मुळाशी पोहोचतो.

आता एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर मासिक अहवाल पाहण्याची सोय आहे असे समजू. वाचक ज्या अहवालावर बोट ठेवतो त्याच्या फाईलीचे नाव सर्व्हरकडे जाते. सर्व्हरवरील प्रोग्राम ‘अहवाल’ या फोल्डराच्या पत्त्याला ते नाव जोडतो, तयार झालेल्या पत्त्यावरील फाईल उघडतो आणि तिचा मजकूर वाचकाकडे पाठवतो. बाहेरून आलेले नाव हे निव्वळ नावच असेल, त्यात मार्ग दडलेला नसेल, असे येथे प्रोग्रामरने गृहीत धरलेले असते, आणि सारा अनर्थ त्या गृहीतकातून उद्भवतो. नावाच्या जागी कोणी ‘वर, वर, आणखी वर, आणि मग अमुक फोल्डरातील तमुक फाईल’ असा मजकूर लिहून पाठवला, तर प्रोग्राम तोही निमूटपणे जोडतो आणि अहवालांच्या फोल्डरातून बाहेर पडून संगणकाच्या दुसऱ्याच कोपऱ्यातील फाईल परक्या इसमाच्या हाती ठेवतो. मामलेदार कचेरीतील दप्तरखान्याच्या खिडकीशी बसलेल्या कारकुनाने, चिठ्ठीवर दस्ताचा क्रमांक लिहिला आहे की ‘या खोलीतून बाहेर निघा आणि खजिन्यातील वही घेऊन या’ असे लिहिले आहे याची तपासणी न करता चिठ्ठीबरहुकूम वागावे, तसाच हा प्रकार आहे. किल्ल्या चिठ्ठी देणाऱ्याजवळ नसतात. त्या कारकुनाजवळ असतात, आणि त्याचा अधिकार दुसऱ्याच्या इच्छेने वापरला जातो.

युनिक्स घराण्यातील यंत्रांवर वापरकर्त्यांची यादी ठेवणारी ‘पासडब्ल्यूडी’ नावाची एक फाईल ठरावीक जागी असते. आधुनिक यंत्रांत प्रत्यक्ष पासवर्डांची सांकेतिक रूपे तेथे नसतात, ती अधिक संरक्षित अशा दुसऱ्या फाईलीत ठेवलेली असतात. तथापि वाट मोकळी आहे की नाही याची चाचणी आक्रमक बहुधा याच फाईलीवर घेतो. एकदा वाट सापडली की डेटाबेसचे पासवर्ड नमूद केलेल्या फाईली, गुप्त किल्ल्या आणि इतरांनी विश्वासाने दिलेले दस्तऐवज ही त्याची पुढची लक्ष्ये असतात.

फाईल वाचता येणे हे जितके घातक, त्याहून फाईल लिहिता येणे अधिक घातक, कारण लिहिण्याची मुभा मिळालेला इसम आपला प्रोग्राम परक्या यंत्रावर ठेवून तो चालवूही शकतो. अनेक फाईली एकत्र बांधून ठेवणाऱ्या झिपसारख्या गठ्ठ्यांत प्रत्येक फाईलीचे नाव लिहिलेले असते. गठ्ठा उघडणारे सॉफ्टवेअर त्या नावावर विसंबले आणि नावातच दोन टिंबे असली, तर फाईल ठरलेल्या फोल्डराबाहेर जाऊन पडते. जून २०१८ मध्ये स्निक या सुरक्षाकंपनीने हा प्रकार ‘झिप स्लिप’ या नावाने जगासमोर मांडला, तेव्हा तो हजारो प्रकल्पांत आढळला. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी आपल्याकडेही सर्वपरिचित असलेल्या विनरारमध्ये १९ वर्षे दडून राहिलेला असाच दोष उघड केला. तो एका जुन्या, उसन्या भागात होता. त्या भागाची मूळ संहिता कंपनीच्या हाती नसल्यामुळे तिला तो भागच काढून टाकावा लागला. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच विनरारमध्ये, हल्लेखोर ज्याचा वापर करीत होते असा याच जातीचा नवा दोष सापडला व त्याची दुरुस्ती करावी लागली.

साहजिकच कोणी म्हणेल, की दोन टिंबे आढळली की विनंती नाकारावी, एवढ्याने काम भागणार नाही काय? बहुसंख्य प्रोग्रामरांच्या मनात प्रथम हाच उपाय येतो, आणि या दोषाचा इतिहास हा बहुतांशी या उपायाच्या पराभवाचा इतिहास आहे. वेबपत्त्यात कोणतेही अक्षर टक्केचिन्हासह सांकेतिक रूपात लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे टिंब टिंबाच्या रूपात न येता वेषांतर करून येऊ शकते. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वेबसर्व्हरविषयी जी सूचना प्रसिद्ध झाली, तिचे मूळ हेच होते: तिरकी रेघ युनिकोडच्या नियमबाह्य, लांबवलेल्या रूपात लिहून पाठवली तर तपासणीच्या वेळी ती ओळखू येत नसे, आणि तपासणी उरकल्यानंतर मात्र तिचे खरे रूप प्रकट होई. मे २००१ मध्ये त्याच सर्व्हरात दुसरा दोष निघाला, ज्यात आलेला मजकूर एकदा उलगडून तपासला जाई आणि नंतर अकारण दुसऱ्यांदा उलगडला जाई. या दोन्ही वाटांची दुरुस्ती उपलब्ध असतानाही ती असंख्य यंत्रांवर बसवली गेली नव्हती, आणि सप्टेंबर २००१ मध्ये ‘निमडा’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा त्याच्या अनेक मार्गांपैकी हाही एक मार्ग होता.

वीस वर्षांनंतर हीच गोष्ट अपाचीच्या बाबतीत घडली. अपाची हा जगातील अत्यंत प्रतिष्ठित व मुक्त वेबसर्व्हर, त्याच्या २.४.४९ या आवृत्तीत पत्ता शुद्ध करण्याची संहिता बदलण्यात आली, आणि त्या बदलात सांकेतिक रूपात लिहिलेले टिंब निसटू लागले. बाहेरचे फोल्डर स्पष्ट शब्दांत बंद ठेवलेले नसतील तेथे फाईली वाचता येऊ लागल्या, आणि विशिष्ट सोय चालू असेल तेथे आज्ञाही चालवता येऊ लागल्या. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती निघाली. परंतु सांकेतिक रूपाचेच पुन्हा सांकेतिक रूप करून पाठवले असता ही दुरुस्तीही अपुरी ठरली, आणि ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. जेथे अनेक अनुभवी डोळे संहितेवर नजर ठेवून असतात तेथे ही स्थिती, तर एकट्या प्रोग्रामरने घाईत लिहिलेल्या चाळणीची काय कथा! आलेल्या मजकुरातून दोन टिंबे व रेघ पुसून टाकण्याची युक्ती तर त्याहून दुबळी आहे, कारण चार टिंबे व दोन रेघा लिहून पाठवल्या तर त्यांतील आतली जोडी पुसली जाते आणि बाहेरची उरलेली चिन्हे एकत्र येऊन निषिद्ध मजकूर पुन्हा सिद्ध होतो. विंडोजवर उलटी रेघही चालते, हा आणखी एक फाटा. वाईट रूपांची यादी करून त्यांना अटकाव करू पाहणारा मनुष्य नेहमीच एक पाऊल मागे राहतो, कारण यादी त्याची असते आणि कल्पकता समोरच्याची.

खरा उपाय निराळ्या दिशेने जातो, आणि त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली व सर्वोत्तम पायरी ही, की फाईलीचे नाव बाहेरून घेऊच नये. वाचकाने केवळ एक क्रमांक पाठवावा, त्या क्रमांकावरून फाईल कोणती हे सर्व्हरने आपल्या डेटाबेसमध्ये पाहावे, आणि तो क्रमांक पाठवणाऱ्याला ती फाईल पाहण्याचा अधिकार आहे की नाही याचीही त्याच वेळी खात्री करून घ्यावी. अन्यथा फोल्डराबाहेरची वाट बंद होऊनही एका नागरिकाचा कागद दुसऱ्याला दिसण्याचा धोका कायम राहील. लोकांनी चढवलेल्या फाईलींनाही सर्व्हरने स्वतःच निर्माण केलेले नाव द्यावे आणि मूळ नाव केवळ नोंदीपुरते ठेवावे.

जेथे नाव घेणे अपरिहार्य असेल तेथे दुसरी पायरी येते. आलेला मजकूर ठरावीक फोल्डराला जोडून, सर्व टिंबे आणि दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या सर्व लिंका उलगडून जो अंतिम पत्ता हाती येतो, तो त्या फोल्डराच्या आत आहे काय, एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर ‘नाही’ असेल तर विनंती नाकारावी. पायथॉन, जावा, पीएचपी अशा सर्व प्रचलित भाषांत पत्ता असा उलगडून देणारी साधने तयार आहेत. मात्र तुलना केवळ आरंभीच्या अक्षरांची करून चालत नाही. ‘अहवाल’ या फोल्डराच्या शेजारी ‘अहवाल-गोपनीय’ असा फोल्डर असेल तर दोघांचा आरंभ सारखाच दिसेल, म्हणून नाव जेथे संपते तेथील रेघेसह तुलना करावी लागते. शिवाय तपासणी आणि उघडणे यांच्यामधल्या क्षणात लिंक बदलली जाऊ शकते. त्याकरिता ‘या फोल्डराबाहेर पाऊल टाकू नकोस’ असे थेट कार्यप्रणालीलाच बजावण्याची सोय लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत २०२० मध्ये आली, आणि गो या भाषेने २०२५ च्या फेब्रुवारीत, १.२४ या आवृत्तीत, तशी सोय आपल्या प्रमाण संग्रहातच अंतर्भूत केली. तिसरी पायरी अधिकारमर्यादेची: वेबसर्व्हरचा प्रोग्राम ज्या खात्याने चालतो त्या खात्याला कामापुरत्याच फाईलींचा अधिकार द्यावा, म्हणजे वरच्या दोन पायऱ्या चुकल्या तरी हानीला मर्यादा राहील.

दुरुस्ती झाली म्हणजे प्रकरण मिटले, ही समजूतही घातक आहे. फोर्टिनेट या कंपनीच्या व्हीपीएन यंत्रणेत हाच दोष निघाला होता. पासवर्डाशिवाय आलेला कोणीही इसम त्यातून यंत्रणेतील फाईली उतरवून घेऊ शके, आणि त्यांपैकी एका फाईलीत त्या वेळी प्रवेश केलेल्या वापरकर्त्यांची नावे व पासवर्ड उघड्या रूपात असत. मे २०१९ मध्ये कंपनीने दुरुस्ती जाहीर केली. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, सप्टेंबर २०२१ मध्ये, सुमारे ८७,००० यंत्रणांचे पासवर्ड उघड झाल्याचे कंपनीनेच सांगितले, आणि ज्यांनी दरम्यान दुरुस्ती बसवली पण पासवर्ड बदलले नाहीत त्यांचा धोका टळलेला नाही असेही बजावले. दुरुस्ती वेळेवर बसवणे, आणि बसवल्यावर ‘मधल्या काळात काय चोरीस गेले असेल’ असा विचार करून किल्ल्या बदलणे, ही दोन्ही कर्तव्ये व्यवस्थापकांची आहेत. ती निर्मात्यावर ढकलता येत नाहीत.

प्रोग्रामरांच्या बाजूने एक रास्त म्हणणे मांडले जाते, की मुदती कडक असतात, काम अफाट असते आणि प्रत्येकाने प्रत्येक धोका ध्यानात ठेवावा ही अपेक्षा अवाजवी आहे. हे म्हणणे मला मान्य आहे, आणि म्हणूनच सावधगिरी व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर न सोपवता साधनांच्या घडणीत बसवावी, असा माझा आग्रह आहे. पायथॉनचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. गठ्ठे उघडण्याच्या त्याच्या प्रमाण साधनातील हा दोष २००७ मध्येच नोंदवला गेला होता. परंतु तेव्हा साधन न बदलता दस्तऐवजांत इशारा लिहून भागवण्यात आले. २०२२ मध्ये ट्रेलिक्सच्या संशोधकांनी तो विषय पुन्हा चव्हाट्यावर आणला, २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीपासून सुरक्षित रीत निवडण्याची सोय मिळाली, आणि २०२५ मधील ३.१४ पासून तीच रीत न मागताही लागू झाली. इशारा वाचणे हे असंख्य लोकांचे काम होते आणि साधन बदलणे हे मोजक्या लोकांचे. मोजक्यांनी ते करीपर्यंत असंख्यांवर अठरा वर्षे भार राहिला.

आपल्या देशात कायदा अगदीच मूक आहे असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब अन्वये काम करणाऱ्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर-घटनेची खबर ६ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षाउपाय योजण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु ही सारी तजवीज मुख्यतः अनर्थ घडून गेल्यानंतरची आहे. अनर्थापूर्वी बोलण्याची जागा म्हणजे खरेदीचा करार, आणि तेथे आपली नगरपालिका, विद्यापीठे, सहकारी बँका व सरकारी खाती यांनी बोलावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बाहेरून आलेला मजकूर फाईलीच्या पत्त्यापर्यंत जेथे जेथे पोहोचतो त्या प्रत्येक जागेची यादी पुरवठादाराने सादर करावी. त्या जागांची चाचणी त्रयस्थाकडून व्हावी. दोष निघाल्यास दुरुस्तीची मुदत आणि खर्चाची जबाबदारी करारातच नमूद असावी. आणि दरसाल ही तपासणी पुन्हा व्हावी. एवढी अट घालण्यास नवा कायदा लागत नाही, खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याचा निश्चय लागतो.

याबरोबरच, प्रामाणिकपणे दोष कळवणाऱ्याला अभय हवे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मोडते, आणि ते योग्यच आहे. जिज्ञासेपोटीसुद्धा कोणी परक्या संकेतस्थळावर हे प्रयोग करू नयेत. पण वापरता वापरता एखाद्याच्या दृष्टीस दोष पडला, तर तो कोणाकडे कळवावा याचा पत्ता प्रत्येक संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा, आणि कळवणाऱ्याला चोर न समजता त्याचे म्हणणे रुजू करून घ्यावे.

शेवटी शिक्षणाविषयी. पुण्या-मुंबईपासून नागपूर-नाशिकपर्यंत दरसाल अगणित विद्यार्थी संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि फाईल उघडण्याचा धडा प्रत्येकाला पहिल्या वर्षीच शिकवला जातो. त्याच धड्यात, त्याच तासाला, बाहेरून आलेल्या नावावर विसंबू नये हे शिकवले गेले पाहिजे. सुरक्षेचा स्वतंत्र विषय शेवटच्या वर्षी ऐच्छिक म्हणून येईपर्यंत हात चुकीच्या सवयीला पक्के झालेले असतात. अध्यापकांनी ही एक दुरुस्ती येत्या सत्रापासून करावी, प्रोग्रामरांनी आपल्या संहितेत बाहेरचे नाव फाईलीला जोडणाऱ्या जागा या आठवड्यातच शोधाव्यात, आणि जे अधिकारी जनतेचे दस्तऐवज सांभाळतात त्यांनी पुढील करारावर सही करण्यापूर्वी वरील अटी त्यात आहेत की नाहीत हे पाहावे. ज्या दोषाचा उपाय ठाऊक आहे आणि हाताशीही आहे, तो यापुढे कोठे निघाल्यास त्याची नोंद अपघातात करू नये. ती कसुरीत करावी आणि संबंधितांकडून तिचा जबाब घ्यावा.